केबिनमध्ये धूर येतोय? आधी काजळी शोधा
घाट चढताना ट्रकच्या केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर अगरबत्ती लावून तो दाबू नका. इंजिन थंड असताना केबिन टिल्ट करून मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा भाग) पॅकिंग, टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) क्लॅम्प आणि सायलेन्सरचा फ्लेक्सिबल पाईप बघा, लीक असेल तिथे काळी काजळी बसलेली दिसते. मग गिअर लिव्हरखालचं रबर आणि पेडलजवळची भोकं बघा, धूर आत शिरतो तो बहुतेक वेळा तिथूनच, रबर फाटलं असेल तर बदला, नुसती चिंधी कोंबून भागत नाही, मूळ लीक बंद व्हायलाच पाहिजे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला तर वासच नसतो, त्यामुळे डोकं जड झालं, मळमळलं की लगेच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मोकळ्या हवेत उतरा. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपायचं तर अजिबात नाही, क्लिनरलाही हे बजावून सांगा.