स्तन पुन्हा घडवायचा का? आधी आपला दिवस वहीत लिहा

डिचोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. 2019 साली कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला. आदल्या संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "पुनर्रचना करायची?" मी म्हटलं, "या वयात कशाला?" प्रश्नच नीट कळला नव्हता. म्हणून सांगते, हा विषय शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधी काढा. डॉक्टर बोलले नाहीत तर "प्लास्टिक सर्जनला भेटायचं आहे" असं तुम्हीच म्हणा. स्तन काढतानाच पुनर्रचना केली तर छातीची बरीच कातडी वाचवता येते. नंतरही करता येते, अगदी काही वर्षांनीसुद्धा.

भेटीला जाण्याआधी वहीत आपला दिवस लिहा. पाणी भरता का, डोक्यावर ओझं नेता का, घरात काय नेसता?

हे मला सत्तरीतल्या एका गावडा (गोव्यातला आदिवासी समाज) बाईमुळे कळलं. ती काजूच्या बागेत राबते आणि घरी बिनब्लाउजची, खांद्यावर गाठ मारलेली साडी नेसते. तिला सल्ला मिळाला, "ब्रामध्ये गादी घाला." पण ती ब्रा घालतच नाही! पुनर्रचनेचा विचार केला, तर नवा स्तन घडवायला पोटाची चरबी-कातडी वापरली की काही जणींना पोटात अशक्तपणा येतो, हर्नियाही होऊ शकतो. पाठीचा स्नायू घेतला तर खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. पुढे हंगाम होता. तिने पुनर्रचना नाकारली, पण एक मागणी मात्र ठामपणे केली: "छाती सपाट शिवा, काखेत कातडीची घडी ठेवू नका, साडी घासते." ही मागणी कुणीही करू शकतं, आणि ती आधीच करावी लागते.

सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायची पिशवी, हवं असेल तर किरणोपचार होणार आहेत का ते आधी विचारा. किरणांनंतर त्याच्याभोवती कडक आवरण धरण्याचा धोका वाढतो. ते जन्मभर टिकेलच असंही नाही, पुढे बदलावं लागू शकतं. कोणत्याही पद्धतीत पूर्वीचा स्पर्श बहुधा परत येत नाही. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर लपवू नका, जखम भरायला वेळ लागतो. कान टोचल्यावर तिथे गाठ वाढली होती का? तेही सांगा, आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची शक्यता जास्त असते.

दीनदयाळ कार्डात (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) यातलं काय बसतं ते तारखेआधीच विचारून घ्या. सोबत अशी बाई न्या, जी तुमच्या वतीने उत्तर देणार नाही.

मी शेवटी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया केली नाही. जखम भरेपर्यंत कापसाची हलकी गादी वापरली, मग वजनदार सिलिकॉनची घेतली. ब्राला आतून मऊ सुती खिसा शिवा आणि त्याचं तोंड काखेकडे ठेवा, म्हणजे वाकलं तरी गादी सटकत नाही. ब्लाउजचं माप देताना शिंप्याला दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायला सांगा.