जर्मनीत एक्स्चेंजला आल्यावर: पाच जणांनी लोकल-रीजनल गाड्यांनी फिरायचं कसं

एका सेमिस्टरसाठी जर्मनीत येणाऱ्याला देश बघायला सलग सवड फार थोडी मिळते. हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, उन्हाळी सेमिस्टरची एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत, आणि त्याला लागूनच परीक्षा. नाताळची सुट्टी मोठी असली तरी २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६पर्यंत दुकानं बंद, आणि बरीच म्युझियमंही. त्यामुळे गटाने फिरायला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे मे-जूनमधला पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा आठवडा. दक्षिणेकडच्या बऱ्याच विद्यापीठांत तेव्हा लेक्चर्स नसतात, दिवस मोठा असतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड राहतो.

इथे उदाहरणासाठी स्टुटगार्टहून निघणारा गट धरला आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, आणि महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत २०१५पासून भागीदारी आहे, म्हणून हे शहर आपल्याकडच्यांना तसं जवळचं. शनिवारी निघून पुढच्या रविवारी परत: म्युनिकला तीन रात्री, न्युर्नबर्गला एक, ड्रेस्डेनला दोन, बर्लिनला दोन.

गट पाचाचा करावा, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. एका राज्यात दिवसभर चालणारी लेंडर-टिकिटं, उदाहरणार्थ बव्हेरियाचं बायर्न-टिकेट, जास्तीत जास्त पाच जणांना मिळतात. सहा खाटांची खोली पाच जणांत घेता येते. हॉटेलात बसायला एक टेबल पुरतं. सात-आठ जण झाले की प्रत्येक ठिकाणी कुणीतरी स्वच्छतागृहात असतं, कुणी कॉफीच्या रांगेत, आणि गाडी निघून जाते. माणसं जास्त असतील तर सरळ दोन गट करावेत आणि फक्त रात्री मुक्कामाला एकत्र यावं.

आता तिकीट. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, मे २०२३मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६पासून महिन्याला ६३ युरो आहे. आरई आणि आरबी या रीजनल गाड्या, एस-बान म्हणजे उपनगरी लोकल, मेट्रो, ट्राम, शहर बस हे सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्सट्रेन येत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या फीमध्येच हे तिकीट सवलतीत मिळतं, पण सगळीकडे नाही. काही ठिकाणी सेमिस्टर-तिकीट फक्त त्या भागापुरतं चालतं. गटातल्या प्रत्येकाने आपल्या फोनवरचं तिकीट उघडून त्यावर काय लिहिलंय ते वाचावं. 'माझंही तुझ्यासारखंच असेल' यावर विसंबलं की ६० युरोचा दंड ठरलेला. ते नावावरचं तिकीट आहे, सोबत ओळखपत्र लागतं, आणि तपासनीसासमोर फोनची बॅटरी संपलेली असेल तर विनातिकीटच धरतात. नंतर पुरावा दाखवला की रक्कम बरीच कमी होते, पण तो खटाटोप टाळलेला बरा. पाच जणांत दोन पॉवरबँक असाव्यातच.

ज्याच्याकडे हे तिकीट नाही त्याच्यासाठी, म्हणजे भारतातून भेटायला आलेल्या भावंडासाठी वगैरे, त्या त्या राज्याचं लेंडर-टिकेट काढावं. बहुतेक राज्यांत ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. ८.५५च्या गाडीत ते चालत नाही, आणि तपासनीस त्यात सूट देत नाहीत. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. मागाहून कुणाला त्यात घेता येत नाही.

रीजनल गाड्यांच्या प्रवासात बिघडतं ते जवळजवळ नेहमी गाडी बदलताना. ॲप पाच-सहा मिनिटांचं कनेक्शनही दाखवतं, कारण एकटा माणूस हलक्या सामानानिशी तेवढ्यात फलाट बदलू शकतो. पाठीवर सॅक घेतलेली पाच माणसं, मध्ये जिना, लिफ्टपाशी सायकली आणि बाबागाड्या, शिवाय पहिली गाडी आठ मिनिटं उशिरा, अशा वेळी ते कनेक्शन हातचं गेलंच म्हणून समजा. डीबी नेव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये शोधताना फक्त डॉइचलांड-टिकेट चालणाऱ्या गाड्या दाखवण्याचा पर्याय निवडा आणि गाडी बदलण्याचा किमान वेळ १५ मिनिटांच्या वर ठेवा. मग आणखी एक गोष्ट बघा, जी फारसं कुणी बघत नाही: चुकलेल्या गाडीनंतरची गाडी किती वेळाने आहे. दर अर्ध्या तासाला गाडी असलेल्या स्टेशनात कनेक्शन चुकलं तर बिघडत नाही. दोन तासांनी एक असेल तर सगळा दिवस कोलमडतो. मार्ग निवडताना तासभर जास्त लागला तरी चालेल, पण गाडी बदलायची ती मोठ्या स्टेशनात. आणि दिवसाची शेवटची गाडी योजनेत कधीच धरू नये. शेवटून दुसरी धरावी.

फलाटावर डोकं वर करून बोर्ड वाचायची सवय लावून घ्या. ऐनवेळी फलाट बदलला तर तिथे पांढऱ्या पट्टीत नवा क्रमांक सरकत असतो. लांब फलाटांचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात. तीन डब्यांची छोटी गाडी मधल्या भागात थांबते आणि टोकाला गप्पा मारत उभा राहिलेला गट धावत सुटतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे वाटेत दुभंगणाऱ्या गाड्या. म्युनिकहून दक्षिणेला डोंगराकडे जाणारी बीआरबी या रेल्वे कंपनीची गाडी होल्त्सकिर्शेनला सुटी होते; एक भाग बायरिशत्सेलला जातो, उरलेली गाडी पुढे शाफ्टलाखला पुन्हा विभागते, एक लेंग्रीसला, एक टेगर्नझेला. चढताना दारावरच्या किंवा डब्याच्या बाजूच्या पडद्यावरचं नाव वाचा, आणि पाचही जण एकाच डब्यात बसा. जागा मिळाली म्हणून तिघं पुढे, दोघं मागे असं बसणाऱ्यांची फोडाफोडी गाडीच करून टाकते.

रुळांची दुरुस्ती हा सध्या जर्मन रेल्वेचा मोठा विषय आहे. हॅम्बुर्ग-बर्लिन हा मुख्य मार्ग ऑगस्ट २०२५पासून महिनोन् महिने बंद ठेवून दुरुस्त केला गेला. असं असलं की गाडीऐवजी बस मिळते, तिला एसईव्ही म्हणतात. तिचा थांबा अनेकदा स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला असतो, बसला गाडीहून बराच जास्त वेळ लागतो आणि मोठ्या सामानाला जागा कमी. निघायच्या आठवडाभर आधी आणि आदल्या रात्री, असं दोनदा प्रत्येक टप्पा ॲपमध्ये पुन्हा शोधायचा. महिनाभरापूर्वी काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नये.

पहिला टप्पा स्टुटगार्ट ते म्युनिक, उल्मला गाडी बदलून साधारण साडेतीन तास. उल्मला दोन तास मुद्दाम मोकळे ठेवा. आइनस्टाइन १८७९मध्ये याच गावात जन्मले. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर मिन्स्टर हे मोठं चर्च आहे. त्याचा मनोरा १६१.५ मीटरचा, २०२५पर्यंत जगातल्या चर्चमध्ये सर्वांत उंच. शनिवारी निघायचा एक व्यवहारी फायदाही आहे. पेंटेकॉस्टचा रविवार आणि सोमवार, दोन्ही दिवस किराणा दुकानं बंद. शनिवारी म्युनिकला पोचल्यावर आधी दुकानात जाऊन दोन दिवसांचा ब्रेड, दही, फळं, भाजी घेऊन टाका, मग खोलीवर जा. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं रविवारीही उघडी असतात, पण महाग आणि तुडुंब.

म्युनिकहून नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायला सगळेच जातात, आणि गटांची सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, तिकिटावर छापलेल्या मिनिटाला सोडतात. उशीर झाला की तिकीट वाया, मग पाच जण असा की पन्नास. गणित उलटं मांडायचं. एकची वेळ असेल तर पावणेएकला दाराशी हवं. खालच्या होहेनश्वांगाऊ गावातून चढाला ३० ते ४० मिनिटं, म्हणजे बारा वाजता गावात. फ्युसेन स्टेशनहून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस, तिच्यासाठी रांग धरून अर्धा तास. आणि म्युनिक ते फ्युसेन गाडीला सुमारे दोन तास. म्हणजे थोडी सवड धरून नऊच्या आत म्युनिक सोडायला हवं. मारिएनब्रुकं या पुलावरून किल्ल्याचं ते नेहमीचं चित्र दिसतं, पण तो दौऱ्यानंतर ठेवा. पुलावर रांग किती लागेल याचा भरवसा नाही. आतला दौरा अर्ध्या तासाचा, फोटो काढायला बंदी. दुसऱ्या लुडविग राजाने १८६९मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १८८६मध्ये तो गेला तेव्हाही अपुराच होता, हे माहीत असलं की मोजक्याच खोल्या का दाखवतात ते कळतं. तिकिटं काही आठवडे आधी ऑनलाइन काढा. मोठ्या सॅक म्युनिकला ठेवूनच निघा.

डाखाऊच्या छळछावणीचं स्मारक म्युनिकहून एस-२ आणि पुढे ७२६ क्रमांकाच्या बसने गाठता येतं. प्रवेश मोफत. ही छावणी २२ मार्च १९३३ला सुरू झाली. तिथे तीन-चार तास द्या आणि त्या संध्याकाळी बिअर गार्डनचा बेत ठेवू नका. गटातल्या एखाद्याला यायचं नसेल तर त्याला आग्रह करू नये. तिथे घोळक्याने सेल्फी काढणं मात्र कुणीच करू नये.

न्युर्नबर्गला म्युनिकहून थेट रीजनल गाडी आहे, दोन तासांच्या आसपास. तिथून ड्रेस्डेन हा सगळ्यात लांबचा टप्पा: हॉफला गाडी बदलून साडेपाच-सहा तास. सकाळी निघा, डबा बरोबर घ्या, आणि गाडीतलं स्वच्छतागृह बंद असू शकतं हे धरून स्टेशनातच जाऊन या. तिथे साधारण एक युरो पडतो, तेव्हा नाणी जवळ हवीत. ड्रेस्डेनहून एस-१ने राथेनला उतरलं की एल्बे नदी छोट्या फेरीने ओलांडायची आणि अर्धा-पाऊण तास चढून बास्टाय पुलावर पोचायचं. १८५१चा हा दगडी पूल ७६.५ मीटर लांब आहे, सुळक्यांच्या मधून जातो. सकाळी नऊच्या आधी वर असाल तर दरीतून वर येणारं धुकं आणि खाली वळण घेणारी नदी निवांत बघता येते. अकरानंतर कठड्याशी उभं राहायला जागा नसते. सह्याद्रीत फिरलेल्यांना चढ किरकोळ वाटेल, पण पावसात पायऱ्या निसरड्या होतात, बूट चांगल्या पकडीचे हवेत.

ड्रेस्डेनहून प्राग जवळ म्हणून तिकडे जायचा मोह होतो. जर्मनीचा निवास परवाना किंवा राष्ट्रीय डी-व्हिसा असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण मूळ पासपोर्ट आणि परवाना दोन्ही बरोबर हवेत. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीच्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी असते. परवाना अजून हातात आला नसेल आणि नुसतं फिक्शनबेशायनिगुंग (तोवरचा तात्पुरता दाखला) मिळालं असेल, तर त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१चा कोणता परिच्छेद टिकमार्क केलाय ते बघा. परिच्छेद ४ असेल तर परत येता येतं, परिच्छेद ३ असेल तर सीमा ओलांडू नका. पाचांतल्या एकाचाही कागद असा असेल तर सगळ्यांनी जर्मनीतच राहावं.

बर्लिनला राइखस्टागच्या, म्हणजे संसद भवनाच्या घुमटात जाणं मोफत आहे, मात्र आधी प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख देऊन नोंदणी करावी लागते. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव गाळलं किंवा आडनाव आधी आलं तर दारावर खोळंबा होतो. पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, त्यामुळे जुन्या याद्या वाचून तिथे जाऊन परत फिरणारे बरेच. शेजारच्या नॉयेस म्युझियममध्ये नेफेर्तितीचा अर्धपुतळा आहे, तिथे जा.

मुक्कामाबद्दल एवढंच: युगेंडहर्बर्गं (यूथ हॉस्टेलं) स्वच्छ आणि शांत, न्याहारी दरात धरलेली, पण बहुतेक ठिकाणी स्वतः रांधायला स्वयंपाकघर नसतं. खासगी हॉस्टेलांत ते असतं. शाकाहारी मंडळी असतील तर दुसरा पर्याय बरा; एक भांडं मुगाच्या खिचडीत पाच जणांचं रात्रीचं जेवण होतं. बाहेर खाताना फलाफल, केझे-श्पेट्सलं (चीज घातलेल्या जाड शेवया, यात अंडं असतं), ब्रेत्सेल (खारा पाव) हे हमखास मिळतं. दक्षिणेत मसुराचा पदार्थ म्हणून लिन्सेन मागवाल तर वर सॉसेज येतं, सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो आणि गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन. विचारायला लाजू नये.

खर्च रोजच्या रोज हिशेबाच्या ॲपमध्ये टाकावा, रात्री झोपायच्या आधी. हॉस्टेलचे पैसे बुकिंगच्या आधीच गोळा करावेत. ऐनवेळी गळणाऱ्याचा हिस्सा परत मिळणार नाही, हे त्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगावं. यावरून तुटलेल्या मैत्र्या फार आहेत.

परतीचा बर्लिन-स्टुटगार्ट प्रवास रीजनल गाड्यांनी करू नका, सगळा दिवस जातो. आयसीईचं श्पारप्राइस, म्हणजे स्वस्तातलं तिकीट लवकर काढा, एका बुकिंगमध्ये पाच जण बसतात. हे तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. पण डॉइचलांड-टिकेटवर स्टेशनपर्यंत येताना उशीर झाला आणि आयसीई चुकली, तर ते तुमचं नुकसान, कारण दोन्ही तिकिटं वेगळी. म्हणून तासभर आधी पोचा. पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. पैसे बुकिंग करणाऱ्याच्या खात्यात येतात, ते हिशेबात वळते करून घ्या. सवलतीसाठी बानकार्ड घेतलं असेल तर ते आपोआप पुढच्या वर्षी चालू राहतं, मुदत संपायच्या चार आठवडे आधी रद्द करावं लागतं. डॉइचलांड-टिकेटही महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केलं तरच त्या महिन्याअखेर बंद होतं. भारतात परतायची तारीख ठरली की जर्मन बँक खातं बंद करायच्या आधी ही दोन्ही कामं उरका.