आरपीएमचा काटा हलत नाही? लगेच इंजिन खोलू नका

बाईक मस्त चालतेय पण आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा) काटा शून्यावर बसलाय, तर बरेच जण सरळ नवीन केबल आणून टाकतात आणि ती पण महिन्याभरात तुटते, मग डोक्याला हात. (हे केबलवाल्या मीटरचं सांगतोय, मागे नुसत्या वायरी असतील तर तो खेळच वेगळा.)

पहिलं काम, मीटरमागचा केबलचा नट सोडा, गाडी चालू करा आणि केबलच्या टोकात बघा. आतली तार गरगर फिरतेय? मग खालचं सगळं ठणठणीत, घोळ मीटरमध्ये किंवा तारेच्या वरच्या टोकात. फिरत नसेल तर गाडी बंद करून तार ओढून बघा, काही केबलची तार एकाच बाजूने निघते त्यामुळे जोर लावू नका. तुटली असेल तर कळेलच, पण अख्खी निघाली तरी चौकोनी टोकाचे कोपरे झिजून गोल झालेत का बघा, तसं असलं की ते जागच्या जागी घसरतं.

आता मुद्द्याचं. तार किंवा गरारी (इंजिनकडून तार फिरवणारं दातेरी चाक) उगाच तुटत नाही, बहुतेक वेळा वर मीटरमध्ये काहीतरी जाम झालेलं असतं. म्हणून तार किंवा तसलंच चौकोनी टोक ड्रिलमध्ये धरून, केबल फिरते त्याच दिशेने, एकदम कमी स्पीडला मीटर फिरवून बघा. काटा सुळकन वर जाऊन परत शून्यावर यायला हवा, अडखळला किंवा करकरला तर आधी मीटरचं काम करा, नाहीतर नवीन गरारीचे दातेपण जाणार.

केबल आणि मीटर दोन्ही चांगले असतील तरच ड्राइव्हकडे (गरारी बसते तो इंजिनवरचा भाग) वळा. चार-स्ट्रोकमध्ये तो बहुतेक वेळा हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) असतो, कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरतो. स्क्रू काढून किंचित फिरवत बाहेर ओढा कारण दाते तिरपे असतात, आणि टोकाचा बारीक वॉशर आत पडू देऊ नका!! एकदा माझा पडला होता, अख्खी संध्याकाळ लोहचुंबक घेऊन बसलो. गरारीचे दाते खाल्लेले दिसले तर भोकात टॉर्च मारून, किक हळू दाबत समोरचे, कॅमशाफ्टवरचे दातेपण बघा. ते गेले असतील तर काम मोठं, तुकडे तेलात गेलेत म्हणून तेल बदलून तेलाची जाळीपण साफ करायची.

बसवताना ऑइल सील आणि ओ-रिंग नवीन टाका, जुनं सील गळलं की तेल तारेवरून चढत मीटरपर्यंत जातं. तारेला ग्रीस हलकंच लावा, मीटरकडची वीतभर कोरडी ठेवा. केबल कुठे दुमडत नाही ना, सायलेन्सरला टेकत नाही ना, हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. नट हातानेच आवळा, पक्कड नको. चार-पाच दिवसांनी वरचा नट सोडून तारेचं टोक बघा, तेलकट दिसलं तर सील नीट बसलेलं नाही, परत काढा.