एकाच देशात विकल्या गेलेल्या जुन्या लेगो विटा: शोधायच्या कशा आणि आपल्या हवेत जपायच्या कशा

जुन्या खेळण्यांच्या विटा जपण्याबद्दल जे सल्ले सर्रास मिळतात, ते थंड देशांत राहणाऱ्यांचे असतात. "हवाबंद डब्यात ठेवा, काही होत नाही." छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. हाच सल्ला ऐकून मी एकोणीस विटा घालवल्या. माझं रोजचं काम वाळूज एमआयडीसीत, प्लास्टिकच्या साच्यांवर. तरीही ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. वीट कोणत्या देशातली, हा प्रश्न दुसरा. ती कोणत्या प्लास्टिकची, हा पहिला.

काय शोधायचं

लेगो डेन्मार्कच्या बिलुंड गावची. 1949 पासून ते या विटा बनवतात. पण प्रत्येक देशात माल एकाच कारखान्यातून गेला नाही, आणि जमवणाऱ्याला गोडी लागते ती तिथेच. अमेरिकेत 1961 ते 1972 या काळात लेगो बनवण्या-विकण्याचा परवाना सॅमसोनाइटकडे होता. होय, बॅगा बनवणारी तीच, जिचा कारखाना आपल्या नाशिककडे आहे. कॅनडातही परवाना त्यांच्याकडेच होता. ब्रिटनमध्ये 1960 पासून कृत्रिम रेशीम बनवणाऱ्या कोर्टोल्ड्सच्या उपकंपनीने वेल्समधल्या रेक्सहॅमला काम सुरू केलं. इटलीत 1970 च्या दशकात 'मिनीटालिया' नावाची वेगळीच मालिका निघाली, फक्त त्या देशापुरती. लेगोच्या बाहेर पाहायचं तर स्पेनच्या एक्झिन कंपनीची 'टेंटे' आहे, 1972 पासूनची. तिच्या वरच्या गोल उंचवट्यांना, म्हणजे बटणांना, मधोमध भोक असतं.

सुरुवात मिनीटालियापासून करा. ओळखायला सोपी आणि चुकायची शक्यता कमी. सॅमसोनाइटची सुटी वीट ओळखण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. खोकं आणि सूचनापत्रक सोबत असेल तरच पैसे मोजा.

फोटो उलट्या बाजूचा मागा

विकणारे वरून फोटो काढतात. वरून सगळ्या विटा सारख्याच दिसतात. वीट पालथी घालून काढलेला फोटो मिळाला नाही तर व्यवहार सोडून द्या, मग तो कितीही ओळखीचा असो.

दोन बाय चारची वीट उलटी केली की आत तीन गोष्टींपैकी एक दिसते. तीन गोल नळ्या असतील तर ती 1958 नंतरच्या रचनेची. या नळ्यांच्या पेटंटसाठी लेगोने त्या वर्षी 28 जानेवारीला अर्ज केला. आत नुसती पोकळी असेल तर वीट बहुधा त्याआधीची. आणि नळ्यांच्या जागी फुलीसारखे आडवे-तिरपे आधार दिसले तर ती मिनीटालिया. पोकळ विटेच्या बाबतीत घाई करू नका. लेगोच्या आधी ब्रिटनमध्ये हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीने अशाच विटा काढल्या होत्या. त्यांची बटणं वरून किंचित गोलसर, तर लेगोची सपाट. तिरप्या उजेडात फोटो मागितला की फरक कळतो.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर काम आणखी सोपं. लेगोच्या शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची बटण सोडून 9.6. अंतर 5 मिलिमीटर भरलं तर ती 'मॉड्युलेक्स' आहे, वास्तुविशारदांच्या नमुन्यांसाठी 1963 पासून निघालेली. तीही छान असते, पण लेगोच्या विटांत बसत नाही. 'छोटी लेगो' म्हणून कोणी ती विकत असेल तर त्याला काय विकतोय ते माहीत नाही, एवढं समजा.

घरी आणणं

परदेशातून टपालाने मागवू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवाना लागतो आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. साठ वर्षांपूर्वीच्या विटेवर ते कुठून येणार? येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून थोड्या थोड्या आणवा. माझा मावसभाऊ दर दिवाळीला मूठभर आणतो, तेवढं पुरतं.

प्लास्टिक ओळखणं

1963 पर्यंत लेगोच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. त्यानंतर एबीएस नावाचं दुसरं प्लास्टिक आलं, आजही तेच आहे. एबीएसची वीट दणकट. ॲसिटेट मात्र आपल्या हवेत हळूहळू मरतं. दिसायला दोन्ही लाल, दोन्ही चकचकीत.

एक ग्लास पाणी, म्हणजे साधारण 200 मिलिलीटर, घ्या आणि त्यात 40 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. आधी आजच्या काळातली एक साधी लेगो वीट टाका. ती पाण्याखाली धरून, हलवून आतले बुडबुडे काढा आणि सोडा. ती वर येते. आता जुनी वीट तशीच बुडवून, बुडबुडे काढून सोडा. वर आली तर एबीएस. तळाशी बसली तर ॲसिटेट समजा. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच. ॲसिटेटची वीट अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका. लगेच काढा, गोड्या पाण्यातून एकदा फिरवा आणि सुती फडक्याने आतूनसुद्धा कोरडी करा.

धुणं

कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. बोअरचं पाणी वापरू नका. क्षारांचा पांढरा थर बटणांच्या कडेला बसतो आणि नंतर निघत नाही. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, मागताना नीट सांगा, नाहीतर ॲसिडची बाटली हातात येईल. ॲसिटेटच्या विटा नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. एबीएसवर त्याचा परिणाम दिसतो, तरीही माझा विरोध आहे. जुन्या विटेचा रंग जसा आहे तसा राहू द्यावा. ॲसिटेटवर तर तो प्रयोग चुकूनही नको.

ठेवणं: इथेच सगळे चुकतात

मावसभावाने इंग्लंडमधून एकोणीस विटा आणल्या होत्या, लाल आणि पांढऱ्या, सगळ्या ॲसिटेटच्या. मी त्या झिप लागणाऱ्या पिशवीत भरल्या, हवा दाबून काढली आणि पिशवी डब्यात घालून माळ्यावर ठेवली. वर पत्रा. एप्रिलमध्ये माळ्यावर हात घातला तर डबा बाहेरून गरम लागला. मग 'थंड जागा हवी' म्हणून तो डबा कूलरच्या खोलीत हलवला. मला वाटलं, आता प्रश्न मिटला.

दिवाळीच्या साफसफाईत पिशवी उघडली आणि नाकात व्हिनेगर गेलं. विटांच्या लांब भिंती आत वळल्या होत्या. पांढरी वीट टेबलावर ठेवली तर चार कोपऱ्यांपैकी दोनच टेकत होते, बोट लावलं की डुलायची. एकही वीट दुसरीवर बसेना.

झालं होतं असं. ॲसिटेटला उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरचा वास त्याचाच. सुटलेलं आम्ल तिथेच कोंडलं गेलं की पुढची झीज आणखी वेगाने होते. जुन्या फिल्मची रिळं याच रोगाने जातात. म्हणजे हवाबंद पिशवीने आम्ल आत डांबून ठेवलं, माळ्याने उष्णता दिली आणि कूलरने ओलावा. आपल्याकडचा कूलर पाणी उडवूनच खोली गार करतो, हे मला घरात रोज दिसत होतं आणि तरी सुचलं नाही.

आता मी असं ठेवतो. ॲसिटेटच्या विटा एबीएसपासून वेगळ्या, वेगळ्या कपाटात. खोकं साध्या पुठ्ठ्याचं, झाकण सैल, प्रत्येक वीट पांढऱ्या सुती कापडात एकेकटी गुंडाळलेली, एकमेकीवर दाब नाही. खोली उत्तरेकडची, आतली, कूलर नसलेली, आणि खोकं खालच्या कप्प्यात, कारण गरम हवा वर चढते. कोणाचं गावाकडे माळवदाचं घर असेल तर तिथल्या आतल्या खोलीत उन्हाळा निभावतो. पण जूनमध्ये माळवद गळायच्या आत विटा शहरात परत आणा. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गुलाबी पडल्या की बदला. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. आकडा 50 टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. आमच्याकडे मार्च ते मे तो आपोआप राहतो, कूलर शेजारी नसेल तर.

महिन्यातून एकदा खोकं उघडून वास घ्या, विटा पंधरा मिनिटं हवेवर ठेवा. नाकावर विश्वास नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून निळा लिटमस आणा. ओली केलेली पट्टी विटेला न टेकवता रात्रभर खोक्यात टांगा. सकाळी ती लाल झाली तर त्या खोक्यातली प्रत्येक वीट वेगळी हुंगा, वास येणारी लगेच बाजूला काढा, अगदी दुसऱ्या खोलीत. ती वाचत नाही, पण शेजारच्या वाचतात.

वाकलेली वीट गरम पाण्यात टाकून सरळ करायचा सल्ला कोणी देईल. मी तोही करून पाहिला आहे. वीट आणखी वाकते.

एबीएसच्या विटा

ऊन लागू देऊ नका, बाकी काही करावं लागत नाही. जुन्या लाल-पिवळ्या विटांच्या रंगात कॅडमियम असायचं, तेव्हा घरात तोंडात घालणारं बाळ असेल तर त्या विटा उंच ठेवा.

प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावा: देश, प्लास्टिक, आणल्याची तारीख, आणि शेवटचा लिटमस कधी लावला ते.