घट्ट माल टाकीच्या कडेला हलत नसेल तर

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत जेल, इमल्शन पेंट, गोंद, सॉस बनवताना ही तक्रार नेहमीची: मधोमध माल फिरतो, कडेचा जागचा हलत नाही. मग आरपीएम वाढवतात. हा उपाय सगळ्यात महाग पडतो.

असा माल पात्याजवळ पातळ होतो आणि दूर गेला की पुन्हा घट्ट. त्याला यील्ड स्ट्रेस (माल हलायला लागण्यासाठी द्यावा लागणारा किमान ताण) असेल तर पात्याभोवती हलणारी एक गुहा बनते; तिच्याबाहेर सगळं ठप्प. चाल दुप्पट केली की गुहेचा व्यास जेमतेम १.६ पट होतो, वीज मात्र आठपट लागते.

८०० मिमी व्यासाची टाकी घ्या. २५० मिमीचा तिरप्या पात्यांचा इम्पेलर (ढवळणारा पंखा), २४० आरपीएम, यील्ड स्ट्रेस ४० पास्कल, घनता पाण्याइतकी. पॉवर नंबर (इम्पेलर किती वीज ओढतो ते सांगणारा आकडा) १.५ धरला तर गुहा साधारण ४३० मिमी. ती ६९० मिमी करायला याच इम्पेलरला ४८० आरपीएम लागतील. ४०० मिमीचा इम्पेलर तेवढीच गुहा १५० आरपीएमवर देतो आणि वीज मूळच्या अडीचपटच्या आसपास लागते. टॉर्क (शाफ्ट फिरवणारा पीळ) मात्र दोन्हीकडे चौपट होतो, म्हणून शाफ्ट आणि गिअरबॉक्स आधी तपासा. व्हीएफडीने (मोटरची चाल बदलणाऱ्या ड्राइव्हने) चाल उतरवली म्हणून मोटरचा टॉर्क वाढत नाही. त्यासाठी गिअरचं गुणोत्तरच बदलावं लागतं.

गुहेची उंची रुंदीच्या निम्म्याच्या आसपास असते. टाकी उंच असेल तर त्याच शाफ्टवर वर दुसरा इम्पेलर बसवा. मालच फार घट्ट असेल तर सरळ हेलिकल रिबन (शाफ्टभोवती पिळदार पट्टी असलेला इम्पेलर) घ्या: ८०० मिमीच्या टाकीत ७६० मिमीचा, दोन्ही बाजूंना २० मिमी जागा. अँकर (जहाजाच्या नांगराच्या आकाराचा इम्पेलर) भिंत खरवडतो, पण वरचा माल खाली नेत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. बॅफल (टाकीच्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या) काढून टाका, घट्ट मालात त्यांच्यामागेच गोळे साचतात.

खर्च करण्याआधी ब्रुकफिल्डवर (व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा मोजण्याचं यंत्र) एकाच स्पिंडलने ६ आणि ६० आरपीएमला रीडिंग घ्या. ६ ची व्हिस्कॉसिटी ६० च्या पाच-सहा पट निघाली तर माल नक्की शिअर-थिनिंग, म्हणजे ढवळल्यावर पातळ होणारा आहे. यील्ड स्ट्रेस मोजायला मात्र ऱ्हिओमीटर हे वेगळं यंत्रच हवं. नमुन्याचं तापमान लिहून ठेवा: नागपूरच्या मे महिन्यात सहज फिरणारा माल डिसेंबरच्या पहाटे मोटर ट्रिप करू शकतो. टाकीभोवतीच्या जॅकेटमध्ये कोमट पाणी फिरवून दोन्ही हंगामांत तापमान सारखं ठेवा.

सीएमसीसारखी (माल घट्ट करणारी सेल्युलोजची) पावडर पाण्यात एकदम ओतली की बाहेरून ओली आणि आतून कोरडी गुठळी होते; नंतर कितीही ढवळा, फुटत नाही. आधी तिच्या तीन-चार पट ग्लिसरीनमध्ये कालवा, मग टाकीतलं पाणी पातळ असतानाच हे मिश्रण त्यात बारीक धारेने सोडा.

नवी जोडणी तपासताना रंगाचा थेंब मध्ये टाकू नका, भिंतीलगत टाका.