64 कोअरवर माझा प्रोग्रॅम का रखडला: एका कार्यशाळेचा अनुभव

माझा प्रोग्रॅम नदीच्या प्रवाहातल्या गाळाचा. फोरट्रॅन भाषेतला, एमपीआयवर (प्रोग्रॅमच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवून त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण करण्याची पद्धत) चालणारा, माझ्या आधी दोन विद्यार्थ्यांचे हात लागलेला. 16 कोअरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग) बरा पळायचा, 64 वर नेला की चिखलात रुतायचा. गाइड म्हणायचे, नेटवर्क स्लो असेल. मलाही ते पटायचं, कारण नेटवर्कला दोष दिला की आपल्याला काही करावं लागत नाही. ही समजूत सोबत घेऊनच मी जर्मनीतल्या एका ट्यूनिंग कार्यशाळेला, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान कसा करायचा ते शिकायला, गेलो.

या कार्यशाळा व्हीआय-एचपीएस नावाचा गट 2008 पासून घेतो. युलिशचं संशोधन केंद्र, आखेन आणि ड्रेसडेनची विद्यापीठं, बार्सिलोनाचं सुपरकॉम्प्युटिंग केंद्र, अमेरिकेतलं ओरेगन विद्यापीठ अशा संस्था त्यात आहेत. तीन ते पाच दिवसांचा कार्यक्रम असतो, काही वेळा ऑनलाइनही. प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणारी साधनं ज्यांनी बनवली तीच माणसं शिकवतात, आणि उरलेला वेळ तुम्ही तुमचा कोड घेऊन त्यांच्या शेजारी बसता. खरं शिक्षण या बसण्यात आहे. स्लाइड्स काय, घरीही वाचता येतात.

म्हणून स्वतःचा कोड न्याच, पण त्याची छोटी केस, म्हणजे चालवून बघायचं उदाहरण, न्या. मी सहा तास चालणारी केस घेऊन गेलो होतो. पहिली अख्खी दुपार ती कापण्यात गेली, आणि तोवर शेजारचा इटालियन मुलगा दुसऱ्या साधनावर पोचला होता. दोन-तीन मिनिटांत संपेल, पण दुखणं दिसेल इतक्याच कोअरवर चालेल, अशी केस हवी. शिवाय कुठलंही साधन न लावता तिला किती वेळ लागतो, तो आकडा वहीत लिहून ठेवा. तो का लागतो, ते पुढे येईलच.

सुरुवात नासाच्या बीटी-एमझी या नमुना प्रोग्रॅमने होते. त्यातले झोन, म्हणजे गणिताचे तुकडे, मुद्दाम लहानमोठे ठेवलेत, म्हणजे कामाची विषम वाटणी आयतीच मिळते. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) कंपायलरच्या आधी स्कोर-पी या मोजणीच्या साधनाचा एक शब्द जोडायचा, पुन्हा बिल्ड करायचं आणि जॉब टाकायचा. प्रोग्रॅम नेहमीसारखा चालतो आणि शेवटी एक फोल्डर सोडून जातो. त्यात कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला, याचा हिशेब असतो.

इथे नवखे हमखास आपटतात. स्कोर-पी प्रत्येक फंक्शनच्या आतबाहेर नोंद करतं. फंक्शन चिमुकलं असेल आणि अब्जावधी वेळा बोलावलं जात असेल, तर नोंदीचाच खर्च कामापेक्षा मोठा होतो. माझ्या कोडमध्ये कणाचा वेग काढणारं पाच ओळींचं फंक्शन होतं. तीन मिनिटांची केस वीस मिनिटांवर गेली, आणि रिपोर्टमध्ये तेच फंक्शन सगळ्यात मोठा गुन्हेगार! वहीत तो आकडा नसता, तर मी आठवडाभर त्या पाच ओळी घासत बसलो असतो. यावर उपाय म्हणजे फिल्टर फाइल. स्कोर-पीचीच एक छोटी कमांड प्रत्येक फंक्शनच्या नोंदींना किती मेमरी लागेल ते आधीच सांगते. त्या यादीतली वरची चिल्लर फंक्शनं फिल्टरमध्ये टाकायची आणि पुन्हा मोजायचं. केस जुन्या वेळेच्या जवळपास आली की मगच आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

आता तो हिशेब दाखवणारं क्यूब उघडायचं. तीन कप्पे असतात: डावीकडे काय मोजलं, मध्ये कोडमध्ये कुठे, उजवीकडे कोणत्या रँकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोणत्या प्रतीत. माझ्या रिपोर्टमध्ये चाळीस टक्के वेळ एमपीआयमध्ये होता, त्यातला बहुतेक एका ऑलरिड्यूसवर (सगळ्या रँकचे आकडे एकत्र करणारी पायरी, सगळे येईपर्यंत ती पुरी होत नाही). मी विजयी चेहऱ्याने म्हणालो, बघा, नेटवर्कच! शेजारी बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी काही न बोलता माउस घेतला आणि उजव्या कप्प्यातली झाडाची फांदी उघडली. बहुतेक रँक लालभडक होते (तिथे जास्त वेळ गेला असा अर्थ), पण चार-पाच जवळजवळ पांढरे. नेटवर्क मंद असतं तर सगळेच थांबले असते. हे पांढरे थांबतच नव्हते. बाकीचे त्यांच्यासाठी थांबले होते.

मला आपली पंगत आठवली. शेवटच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत कुणी उठत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला साठ माणसं हात सुकवत बसलेली दिसतात, पण उशीर त्यांच्यामुळे झालेला नसतो. साधन तुम्हाला आधी ही ताटकळलेली माणसंच दाखवतं. एमपीआयखाली दिसणारा वेळ हा बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी गणिताचा वेळ असतो, हे मला त्या दुपारी कळलं. स्कॅलास्का हे साधन ट्रेस, म्हणजे घटनांची क्रमवार नोंद, तपासून कुणामुळे किती थांबावं लागलं तेही सांगतं, आणि व्हँपिर या साधनात तर टाइमलाइनच दिसते: हिरवं म्हणजे काम, लाल म्हणजे एमपीआय. माझ्या चित्रात चार-पाच सलग हिरव्या पट्ट्या होत्या, बाकी सगळ्या अर्ध्यावर लाल.

कारण ऐकून हसाल. आधीच्या विद्यार्थ्याने नदीचे 64 सारख्या क्षेत्रफळाचे वाटे केले होते. पण गाळ काही सारखा पसरत नाही, वळणावर साचतो. वळणं ज्यांच्या वाट्याला आली ते कणांखाली दबले. एका आकड्यात सांगायचं तर गणिताचा सरासरी वेळ भागिले सर्वाधिक वेळ: माझ्याकडे 30 सेकंद भागिले 50, म्हणजे 0.6. सगळ्यांना सारखं काम असतं तर तो 1 आला असता. हा आकडा काढल्याशिवाय कंपायलरचे फ्लॅग, नेटवर्क, कॅश यांपैकी कशालाही हात लावू नका. वाटे कणसंख्येनुसार पाडल्यावर 50 चे 36 झाले. परतल्यावर त्यात दोन आठवडे गेले.

यासाठी परदेशी जायलाच हवं असं नाही. स्कोर-पी, क्यूब, स्कॅलास्का, टाऊ, बार्सिलोनाचं पॅरावेर, ही सगळी साधनं मुक्त आहेत. व्हँपिरला तेवढे पैसे पडतात. चार कोअरच्या लॅपटॉपवरही बीटी-एमझीची लहान आवृत्ती चालते. पुण्यात आयसरमध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. तुमच्या संस्थेला अशा यंत्रावर खातं मिळत असेल, तर अर्ज करताना एक-दोन पानी कार्यक्षमतेचा आलेख जोडा. तो नुसत्या 'जास्त कोअर हवेत' या मागणीपेक्षा जास्त पटतो.

माझं 128 वर मात्र पुन्हा अडलंय. या वेळी अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेचं फाइल-वाचनलेखन मोजणारं साधन लावलं. त्याचं नाव चक्क 'दर्शन', आपलंच. त्याने दर्शन घडवलं ते असं: प्रत्येक रँक प्रत्येक पायरीला स्वतःची फाइल उघडतो, चार ओळी लिहितो आणि बंद करतो. कोडमधली ती ओळ कोणी लिहिली ते गिटमध्ये (कोणता बदल कुणी केला याची नोंद ठेवणारं साधन) पाहिलं. मीच.