मॉडेल रेल्वेच्या मोठ्या स्वॅप मीटमध्ये वेळेचं नियोजन कसं करावं

आधी एक साधा हिशेब करू. समजा, मेळाव्यात ६०० टेबलं मांडली आहेत आणि दारं सहा तास उघडी आहेत. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं. प्रत्येक टेबलाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तेही कुठे न बसता, कुणाशी न बोलता. एखादं इंजिन हातात घेऊन नीट उलटसुलट पाहायचं तर दोन मिनिटं सहज जातात. सगळं बघून होणार नाही, हे घरून निघण्याआधीच मान्य करायला हवं. काय बघायचं नाही हे एकदा पक्कं झालं की बाकीचं नियोजन सोपं होतं.

जुनी-नवी इंजिनं, डबे, वाघिणी, रूळ, सुटे भाग यांची खरेदी, विक्री आणि अदलाबदल जिथे होते, ती स्वॅप मीट. लहान मेळावा तासाभरात पायाखालून जातो. मोठ्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क इथे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या ईस्टर्न डिव्हिजनतर्फे दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणारा मेळावा अनेक हॉलमध्ये पसरलेला असतो. अशा ठिकाणी या हॉलमधून त्या हॉलमध्ये जाण्यातही दिवसाचा बराच भाग खर्च होतो, आणि तो कुणी हिशेबात धरत नाही.

स्केलची चाळणी लावा

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती लहान आहे ते प्रमाण. तुमचं स्केल एकच असेल तर अर्धी टेबलं तिथेच गळतात. एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०. ओ अमेरिकेत १:४८ आणि ब्रिटनमध्ये १:४३.५. इथे एक फसवी जागा आहे. ब्रिटिश ओओ १:७६ चं असतं, पण रूळ तेच, १६.५ मिलिमीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतराचे. ते एचओच्या रुळावर मजेत धावतं आणि एचओच्या डब्यांशेजारी उभं केलं की बेढब मोठं दिसतं. तसंच मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एचओचं. तिथे मधल्या ओळीतल्या ठिपक्यांमधून वीज घेणारी त्रिरूळ पद्धत आहे. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसल्यामुळे ते इंजिन साध्या दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवलं की शॉर्ट सर्किट होतं. खोक्यावर ‘एचओ’ एवढंच वाचून थांबू नका.

यादी करा, आणि घरात काय आहे त्याचीही करा

हवं असलेल्यांची यादी सगळेच करतात. आपल्याजवळ आधीच असलेल्यांची फार थोडे करतात, म्हणून एकाच नंबरची वाघीण दोनदा घरी येते. शेल्फचे चार फोटो मोबाइलमध्ये असले तरी पुरे.

हवं असलेल्यांमध्ये तीनच वस्तू ‘आज मिळायलाच हव्यात’ अशा ठेवा. प्रत्येकीपुढे जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा आधीच लिहा. तो काढताना लोकांनी मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचे बघा. दोन्हींत पुष्कळ अंतर असतं. आकडा खिशात असला की टेबलापुढे उभं राहून घालमेल करण्यातली दहा-दहा मिनिटं वाचतात.

पिशवीत काय घ्याल

छोटा टॉर्च, भिंग, चाकांचं माप तपासायची पट्टी (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे १९३५ साली स्थापन झालेली एनएमआरए, अशी पट्टी काढते), तुमच्या कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) एक वाघीण नमुन्याला, गुंडाळायला बबल रॅप, सुटे पैसे आणि एक लोहचुंबक. चुंबक कशासाठी? जुन्या रुळांच्या ढिगात पोलादी रूळ चुंबकाला चिकटतात आणि पुढे गंजतात. निकेल सिल्व्हरचे चिकटत नाहीत. पन्नास तुकड्यांचा गठ्ठा अर्ध्या मिनिटात पारखून होतो.

पहिली फेरी: थांबायचं नाही

दार उघडलं की गर्दी पहिल्या दोन रांगांत तुंबते. मी सरळ सगळ्यात लांबच्या हॉलकडे जातो. तिथे पहिला पाऊण तास तरी मोकळेपणाने चालता येतं आणि विक्रेत्यांकडेही बोलायला सवड असते.

या फेरीत फक्त नजर फिरवायची. आपल्या स्केलचं काही दिसलं की फोटो काढायचा, आणि त्याच फोटोत टेबलाचा किंवा रांगेचा क्रमांक येईल असं बघायचं. क्रमांकाशिवायचा फोटो दुपारी काही कामाचा नसतो, कारण तोवर सगळी टेबलं सारखीच दिसू लागतात. एका हॉलला वीस ते तीस मिनिटं. अपवाद फक्त त्या तीन वस्तूंचा: समोर आली, अवस्था चांगली आहे, भाव तुमच्या आकड्याच्या आत आहे, तर तिथल्या तिथे घ्या. ‘नंतर येतो’ म्हणून मी एकदा एका प्रवासी डब्याला सोडून पुढे गेलो. परत आलो तेव्हा विक्रेता रिकामं टेबल पुसत होता. तो डबा मला अजून मिळालेला नाही.

दुसरी फेरी: इथे वेळ घाला

आता फोटो चाळून आठ-दहाच टेबलं निवडा आणि तिथे घाई करू नका.

सगळ्यात आधी धातू. जुन्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांना ‘झिंक पेस्ट’ (इथे पेस्ट म्हणजे कीड) नावाचा रोग लागतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरेंची अशुद्धी राहिली असेल तर वर्षानुवर्षं आतल्या आत कणांच्या सांध्यांमधून तो पोखरत जातो. फ्रेम फुगते, वाकते, केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. यावर इलाज नाही. इंजिन टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा, तळाची रेघ सरळ आहे का बघा. शंका आली तर, वरचा रंग कितीही देखणा असो, ठेवून द्या.

मग चाकं. प्लॅस्टिकच्या गिअरला ॲक्सलवर चीर गेली असेल तर इंजिन चालताना ठरावीक अंतराने टक्-टक् करतं. हे टेस्ट ट्रॅकवर, म्हणजे इंजिन चालवून बघायला मांडलेल्या रुळावर लगेच कळतं. टेस्ट ट्रॅकपुढे दुपारी रांग लागते, म्हणून सकाळीच उरकून घ्या. ट्रॅक नसेल तर १२ व्होल्ट डीसीवरच्या साध्या इंजिनाच्या चाकांना नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून मोटर फिरते का हे पाहता येतं, पण विक्रेत्याला विचारूनच. आत डीसीसी डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चकती) असेल किंवा इंजिन एसीचं असेल तर हा प्रयोग नको.

लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डिझेल इंजिनांपैकी अनेकांत हॉर्नसाठी डी आकाराचा सेल बसवायची सोय असे. सेल आत विसरून गेलेला असला की गळून सगळं खाऊन टाकतो. कवच उघडून दाखवायला सांगायला संकोचू नका. विक्रेता ‘सी-८’, ‘सी-६’ असं काही म्हणाला तर ती ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची श्रेणी असते, सी-१० सर्वोत्तम. ती दिसण्याबद्दल बोलते, धावण्याबद्दल नाही.

खोकंही उघडा. बाहेरच्या चिठ्ठीवरचा नंबर आणि आतल्या डब्याचा नंबर जुळतोच असं नाही.

टेबलांखालची खोकी

यासाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवा, आणि घड्याळ लावूनच गुडघे टेका. रूळजोड, चाकांच्या जोड्या, बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे), तुटके डबे असं सगळं तिथे एकत्र पडलेलं असतं. दुरुस्तीची आवड असेल तर मेळाव्यातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच, आणि म्हणूनच वेळ इथेच सर्वांत भराभर जातो.

अदलाबदल आणि गप्पा

स्वतःच्या वस्तू द्यायच्या असतील तर जेवणाच्या वेळेच्या आसपास जा, तेव्हा गर्दी ओसरते. आधी एकच वस्तू दाखवा, पिशवी पालथी करू नका. जुन्या विक्रेत्यांजवळ मोठं ज्ञान असतं. एखादा आवडीने बोलू लागला तर दहा मिनिटं मनापासून द्या. कोणत्या वर्षीच्या इंजिनात कोणता भाग बदलला, हे असंच कळतं. मागे कुणी पैसे हातात घेऊन उभं असेल तर मात्र बाजूला व्हा.

शेवटचा तास

विक्रेते जाहीर वेळेच्या बरंच आधी आवराआवर सुरू करतात. मनात राहिलेली नाजूक, दुर्मिळ वस्तू या तासावर टाकू नका. रुळांचे गठ्ठे, इमारती, मोठे तयार देखावे अशा जड-अवजड मालासाठी मात्र हीच वेळ उत्तम, कारण तो परत न्यायचा कुणालाच कंटाळा असतो. घासाघीस करायचीच तर सात-आठ वस्तू एकत्र करून एकच भाव विचारा. जुना ट्रान्सफॉर्मर घेतलात आणि त्याच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असेल, तर वायर बदलेपर्यंत तो प्लगमध्ये लावू नका.

जोडीला कुणी असेल तर हॉल वाटून घ्या आणि ठरलेल्या वेळी एकमेकांचे फोटो बघा. घेतलेलं सामान मधल्या सुट्टीत गाडीत ठेवून या. दोन्ही हात अडकलेला माणूस इंजिन उलटून बघू शकत नाही. प्रत्येक खरेदीबरोबर विक्रेत्याचं कार्ड मागून घ्या, आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री सगळी इंजिनं एकदा रुळावर चालवून बघा.